मौनसाधिका राजश्रीआक्कांचा जबडा

राजश्री चौगुलेंचं डोकं रोज सकाळी त्यांच्या आधी उठायचं. दोन्ही कानशिलांवर कुणीतरी वरवंटा ठेवून विसरून गेल्यासारखं वाटायचं. आपल्याकडं डोकेदुखी हा सार्वजनिक विषय आहे. ज्याचं डोकं दुखत नाही त्याच्याकडं औषध असतं. त्यामुळं निपाणीच्या बस्ती गल्लीनं, म्हणजे जैन मंदिराच्या गल्लीनं, आक्कांवर बरंच काही करून पाहिलं होतं. सुंठीचा लेप झाला, नवा चष्मा झाला, दृष्ट काढून झाली. कुणी सांगितलं पित्त आहे, म्हणून चहा सुटला. कुणी सांगितलं चहा सुटल्यामुळंच दुखतंय, म्हणून परत लागला. शेवटी मेडिकलवाल्या शामूनं एक पांढरी गोळी दिली आणि आक्का ती लोणच्यासारखी रोज जेवणाबरोबर घेऊ लागल्या.

ही औषधं सांगायला लोक उंबऱ्यापर्यंत येत. आत येत नसत. आक्कांचे यजमान बाहुबलीअण्णा होते तेव्हा घराची चावडी झालेली असायची. दोन वर्षांमागं अण्णा गेले, आणि आपण अण्णांकडं येत होतो हे माणसांच्या लक्षात आलं. मुलगा गोमटेश बेंगळूरला. तो दर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा. त्यात आक्कांना त्याचं अर्धं कपाळ आणि छताचा पंखा दिसायचा. बाकी आठवडाभर घरात आवाज करणारं एकच होतं, कुकर. आक्का दिवसभर दातावर दात दाबून बसायच्या. हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नव्हतं. बोलायला कुणी नसलं की तोंड स्वतःला काहीतरी काम लावून घेतं.

भाद्रपदात जैनांचं दहा दिवसांचं दशलक्षण पर्व सुरू झालं त्या सकाळी आक्कांना जांभई आली, कानापुढं ‘कट्ट’ झालं आणि जबडा अडकला. तोंड उघडेना. तेवढ्यात शेजारची मंजुश्री पूजेचं ताट घेऊन दारात आली.

“आक्का, चला की बस्तीला. पहिलाच दिवस हाय. आक्का? बोलत का न्हाईसा?”

आक्कांनी एक हात तोंडावर ठेवला आणि दुसरा ‘नको’ म्हणून हलवला.

“अय्या! मौन घेतलासा व्हय?”

आक्कांनी मान हलवून नाही म्हणायला पाहिजे होतं. पण मान हलवली की कानशिलात कळ जायची. म्हणून त्यांनी हात जोडले. आता जा बाई, या अर्थानं.

दुसऱ्या कुठल्याही गल्लीत एवढ्यावर रिक्षा बोलावली गेली असती. पण पर्वाच्या दिवसात, जैनांच्या गल्लीत, गप्प बसलेली बाई हात जोडते याचा अर्थ एकच होतो. मंजुश्री आधी पाया पडली, मग पळत बस्तीत गेली. दुपारच्या आत गल्ली आक्कांच्या सोप्यात होती.

आक्का नुसती पेज पितात हे बघून निवृत्त शिक्षक सन्मती सरांनी हा रसत्याग, म्हणजे तूप-मीठ-गोड सोडायचं व्रत, असल्याचं जाहीर केलं. त्या पेजही डाव्या गालानंच पितात, हे कुठलं व्रत, यावर दोन दिवस चर्चा झाली आणि मिटली नाही. लोक नारळ घेऊन येत, बसत आणि बोलत. एका सासूनं येऊन सुनेचं सगळं सांगितलं. संध्याकाळी त्याच सुनेनं येऊन सासूचं सगळं सांगितलं. आक्का दोघींकडं सारख्याच बघत राहिल्या. दोघींना न्याय मिळाला.

आक्का घाबरून गेल्या होत्या. पण सोप्यातली सतरंजी गोळा करायची वेळ येत नव्हती, दाराबाहेर चपला दिसत होत्या, आणि त्यांना बरंही वाटत होतं.

गोमटेशलाही कळलं. त्यानं मेसेज पाठवला: “आई, मौन! ग्रेट. मग या रविवारी फोन करून तुला डिस्टर्ब करत नाही.” खाली जोडलेले पिवळे हात. मोबाईलचा उजेड जाईपर्यंत आक्का त्या हातांकडं बघत बसल्या.

इकडं गल्लीतल्या मंडळाच्या किशननं, पर्वानंतरच्या क्षमा मागायच्या दिवसासाठी, फ्लेक्स छापून आणला. ‘मौनसाधिका राजश्रीआक्का यांचा क्षमावाणीला भव्य सत्कार.’ फोटोत आक्कांनी डोक्याला फडकं आवळून बांधलं होतं आणि त्या तपस्विनीसारख्या दिसत होत्या. शुभेच्छुकांचे फोटो त्यांच्यापेक्षा मोठे होते.

सन्मती सरांची मुलगी प्रणिता बेळगावात, कॅम्प भागात, दातांची डॉक्टर. पर्वासाठी माहेरी आली होती. तीही बायकांबरोबर दर्शनाला आली. तेवढ्यात आक्कांना जांभई आली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं.

“बघा, भक्तीचं पाणी!” एक बाई म्हणाली. सगळ्यांनी हात जोडले.

प्रणिता मात्र आक्कांच्या कानाकडं बघत होती. सोपा रिकामा होईपर्यंत ती बसून राहिली. मग म्हणाली, “आक्का, जांभई देताना एवढं कोण रडतं?”

तिनं दोन्ही कानांपुढं बोटं टेकवली. “उघडा बघू तोंड.” एक बोट कसंबसं गेलं. “तीन जायला पाहिजेत. डोकं रोज दुखतंय? सकाळी जास्त? भाकरी चावताना कळ येती?”

आक्का कळ सोसत मान डोलावत गेल्या.

“तुमच्या डोक्यात काही बिघडलंय असं वाटत न्हाय मला. हा जबड्याचा सांधा. गुडघ्याला जपता, पण ह्या सांध्याचं नावबी कुणाला ठाऊक नसतं. दात आवळून आवळून तुम्ही त्याला दमवलाय. मग स्नायू ताठतात आणि कळ कानशिलात चढते. बेळगावला या. बहुतेकांना ऑपरेशनबिपरेशन लागत न्हाय.”

आक्का मिटल्या दातांतूनच म्हणाल्या, “नको.”

“का वं?”

“बरी झाले तर ही माणसं येतील काय गं?”

“सगळी न्हाय येणार,” प्रणिता म्हणाली. “खोटं कशाला बोलू? पण आता येतात ती तरी तुमच्याकडं कुठं येतात? भिंतीशी बोलतात आणि भिंतीला हार घालून जातात. एकानं तरी विचारलं, आक्का, कुठं दुखतंय? आपल्यात बाई सोसून गप्प बसली की तिला थोर म्हणायची पद्धत हाय. मौन थोरच आहे. पण ते आपणहून घ्यायचं असतं. तुमचं पावसाळ्यातल्या दारासारखं अडकलंय. आणि ती रोजची गोळी! मूत्रपिंडानं काय सोसायचं व्रत घेतलंय?”

पुढं पर्वातल्या ‘उत्तम सत्य’ नावाच्या दिवशी बस्तीत प्रवचन सत्यावर होतं आणि आक्कांना मान म्हणून सगळ्यात पुढं बसवलं होतं. त्यांचे कान तापले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवी भरली.

आक्का बेळगावला तीर्थदर्शनाला निघाल्या, असं गल्लीनं ठरवून टाकलं. स्टँडवर हार घालायला बरेच जण आले. सोबत जायला कुणी आलं नाही. कंडक्टर “आधार तोरसरी, अक्का” म्हणाला, आक्कांनी आधार कार्ड दाखवलं आणि त्यानं बायकांचं फुकटचं तिकीट हातात दिलं. संकेश्वर गेलं, हत्तरगी गेलं. शेजारच्या सीटवर हारांची पिशवी होती.

प्रणितानं जबड्याचे एक्स-रे काढले, दात बघितले. ते झिजून सपाट झाले होते. तिनं माप घेऊन रात्री दातांवर घालायची एक पारदर्शक टोपी करायला दिली. गरम कपड्यानं शेकायचं, मऊ खायचं, तोंड हळूहळू उघडायचा व्यायाम करायचा, गोळी तिच्या देखरेखीखाली बंद करायची. “आणि दिवसभर ध्यानात ठेवा. ओठ मिटलेले, दात सुटे. दातांनी एकमेकांना फक्त जेवताना भेटायचं.” मग ती खुर्ची ओढून समोर बसली. “आता अण्णांचं सांगा.”

दोन वर्षांत हे कुणी म्हटलं नव्हतं. आक्का अडखळत, थांबत, बाहेरच्या पेशंटांना कंटाळा येईपर्यंत बोलल्या.

क्षमावाणीच्या दिवशी जबडा दोन बोटं उघडत होता. कानशिलांवरचा वरवंटा गेला नव्हता, पण हलका झाला होता. मंडपात शाल आली, नारळ आला. किशननं फक्त फोटोसाठी म्हणून माईक पुढं धरला. आक्कांनी तो हातात घेतला.

“आज क्षमा मागायचा दिवस,” आक्का बोलल्या. आक्का बोलल्या! मागच्या रांगा उभ्या राहिल्या. “माझी चूक झाली. मी मौन घेतलंच नव्हतं. माझा जबडा अडकला होता!”

स्पीकरनं शिट्टी मारली. मग किशन हळूच म्हणाला, “मग फ्लेक्सचं काय करायचं, आक्का?”

“उलटा करून गोठ्यावर घाल. पावसाला बरा असतोय.” मग आक्का लोकांकडं वळल्या. “मी गप्प बसले ही माझी चूक. तुमी येतासा म्हणून मला ग्वाड वाटलं, तीबी माझीच. पण बाबांनो, दुखणं म्हणजे काय व्रत न्हवं. मला नमस्कार लई मिळाले. दवाखान्याला चला, असं एकटी प्रणिता म्हणाली.”

सन्मती सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मागून एक हात वर आला. “डॉक्टरबाई, सकाळी उठलं की माझंबी डोकं...” मग दुसरा हात, मग तिसरा. प्रणिता म्हणाली, “प्रत्येक डोकेदुखी जबड्याची नसते वं! पण प्रत्येक डोकेदुखी तपासायची असते. सोसायची न्हाय.”

दुसऱ्या दिवशी सोप्यात कुणी आलं नाही. दाराबाहेर चपला नव्हत्या. आक्कांनी सतरंजी झटकली, घडी घातली. गोमटेशला स्वतःहून फोन लावला. तो मीटिंगमध्ये होता. दुपारभर त्या दात सुटे ठेवून बसल्या. ते सोपं नव्हतं.

ऊन उतरल्यावर मंजुश्री आली. उंबऱ्यावर थबकली, मग आत येऊन खाली बसली.

“काल सगळ्यास्नी क्षमा म्हटलं, मोबाईलवर सगळ्यास्नी एकच पाठवलं. तुमची ऱ्हायली,” ती म्हणाली. “तुमी हात जोडलासा आणि मी पाया पडून पळाले. काय होतंय, एवढं विचारलं न्हाय. क्षमा करा, आक्का.” तिनं पदरानं नाक पुसलं. “आता विचारते. कधीपासनं दुखतंय?”

“अण्णा गेल्यापासनं,” आक्का म्हणाल्या.

मंजुश्री घरी कुकर लावून आली होती. ती उठली नाही.

मंडळी, सोसणाऱ्या माणसाच्या पाया पडणं सोपं असतं. त्याला वाकायला जेवढा लागतो तेवढाच वेळ लागतो. त्याआधी त्याला विचारा, कुठं दुखतंय. गरज असेल तर डॉक्टरकडं घेऊन जा, नुसतं स्टँडपर्यंत नाही, पार दवाखान्यापर्यंत. आणि विचारलंत, तर खाली बसा. उत्तर यायला वेळ लागतो.