सरळ बोल

काचेच्या कारखान्यात हाणामारी करायची नसते, हे अण्णांनी आपल्या दोन्ही मुलांना मारून मारूनच शिकवलं होतं. कारखाना खाली, घर वर. खाली कापायचं मोठं टेबल, कडा घासायचं मशीन, भिंतीलगत लाकडी घोड्यांवर उभ्या रचलेल्या काचा, आणि त्याच्याही खाली तळघर. अण्णा गेले तेव्हा थोरल्याच्या वाट्याला कारखाना आला, आई आली आणि काच आखायची लांब लाकडी पट्टी आली. राग तर आधीच आला होता. लोक म्हणायचे, तापट आहे पण मनानं चांगला. त्याची बायको म्हणायची, मन कुणी बघितलंय, आम्हाला फुटलेली भांडी दिसतात.

धाकटा शिकून एका मोठ्या कंपनीत लागला होता. ती नोकरी सुटली, आणि त्यानंतर बरेच महिने तो कुठं होता हे एकट्या आईला ठाऊक होतं. परत आला तो निम्मा होऊन, आणि तोंडात भलतीच भाषा घेऊन. थोरल्यानं त्याला खालच्या ऑफिसात बसवलं. गिऱ्हाइकांशी बोलायला शिकलेला माणूस बरा, असा त्याचा हिशेब.

धाकट्याचं दर वाक्य ‘बेसिकली’नं सुरू व्हायचं. आठवड्याभरात कारागिरांनी त्याचं नावच बेसिकली पाडलं. कडा घासणारा मिशा, म्हणजे भरघोस मिशांचा जुना कारागीर, एकदा गाल धरून बसला होता. धाकट्यानं शेजारी बसून विचारलं, तुम्ही स्वतःला थोडी स्पेस देताय का? मिशा म्हणाला, दाढ काढली की होईलच की स्पेस. न्हाणीघराची काच आखूड कापली गेली म्हणून एक बाई फोनवर तणतणत होत्या, तर त्यांना धाकट्यानं सांगितलं की तुमचं फ्रस्ट्रेशन अगदी व्हॅलिड आहे. बाईंना काच हवी होती. व्हॅलिड घेऊन त्या काय न्हाणीघराला लावणार होत्या?

सगळे हसायचे. थोरल्याला हसू यायचं नाही. असा एकेक शब्द कानावर आला की काचेवर खिळा ओढल्यासारखी त्याच्या दातांतून कळ जायची. बायकोनं समजावलं, एका कानानं ऐका, दुसऱ्यानं सोडून द्या. पण एका दुपारी जेवताना अण्णांचा विषय निघाला आणि धाकटा म्हणाला की अण्णांचं जाणं तो अजून प्रोसेस करतोय. थोरल्यानं हातातला पेला भिंतीवर फेकला. माणूस मेला की रडतात, नाहीतर रडत नाहीत, तो म्हणाला. प्रोसेस काय करतोस, तो काय माल होता?

धाकटा उठला आणि तुकडे गोळा करायला लागला. वहिनीनं सुपली त्याच्याकडून काढून घेतली. आई ताटावरून उठून गेली. थोरल्यानं जेवण पूर्ण केलं.

पुढं दोन-तीन आठवडे बरे गेले. मग नाचाच्या क्लासचे आरसे आले. भिंतभर मोठे, एकेकाला चार माणसं लागायची. शेवटचा आरसा टेबलावर घेताना मिशाचा पाय ओल्या फरशीवर सरकला आणि आरशाचा कोपरा उडाला. थोरल्यानं जवळचा रबरी हातोडा उचलून त्याच्या अंगावर फेकला. तो मिशाच्या खांद्याला लागला. मिशा खाली बसला तसा थोरल्यानं त्याला कॉलर धरून उठवला आणि कानशिलात ठेवून दिली. मग दुसरी. मिशाच्या ओठातून रक्त आलं, ते मिशीत उतरलं.

आवाज ऐकून धाकटा ऑफिसातून बाहेर आला आणि थेट दोघांच्या मध्ये उभा राहिला. चेहरा पांढराफटक पडला होता.

“दादा, हे टॉक्सिक आहे,” तो म्हणाला.

“सरळ बोल.”

“हा अण्णांचा पॅटर्न आहे. मला यानं ट्रिगर होतं. मी इथं बाउंड्री घालतोय.”

थोरल्यानं टेबलावरची पट्टी उचलली. बापाच्या कारखान्यात उभा राहून बापाला नावं ठेवतोस, असं काहीतरी तो ओरडला आणि पहिला तडाखा धाकट्याच्या दंडावर बसला. पुन्हा म्हण, त्यानं सांगितलं. धाकट्यानं पुन्हा म्हटलं, बाउंड्री. दुसरा तडाखा मानेवर बसला. पुन्हा म्हण. धाकटा म्हणत गेला आणि थोरला मारत गेला. मिशानं मागून थोरल्याची कंबर धरली तर त्याला कोपर बसलं आणि तो घोड्यावर आदळला. बाकीचे दोघे दारापर्यंत मागं सरकले. धाकट्याची भुवई फुटली, एक डोळा रक्तानं मिटला. हात मात्र त्यानं वर केला नाही, लहानपणीही करायचा नाही. मग पट्टी मधोमध मोडली, आणि तेव्हा धाकटा सरळ बोलला.

“तू बॅटरी धरायचास.”

थोरला थांबला.

“तळघरात दिवा नव्हता. अण्णा मला खाली न्यायचे आणि तुला म्हणायचे, बॅटरी धर. आणि तू धरायचास, दादा. हलू न देता.”

हे खरं होतं. बॅटरी हलली तर पट्टी आपल्याकडं वळेल, हे थोरल्याला आठ-नऊ वर्षांचा असल्यापासून पक्कं ठाऊक होतं. त्यानं ती कधीच हलू दिली नव्हती. उजेडाच्या गोलात भाऊ दिसायचा आणि गोलाबाहेर आपण कुणाला दिसत नाही, याचं त्याला बरं वाटायचं. ही गोष्ट त्यानं बायकोलाही सांगितली नव्हती. आता ती भर दुपारी, कारागिरांसमोर, जमिनीवर सांडली होती. ती परत तोंडात कोंबायचा एकच मार्ग त्याला येत होता. त्यानं दोन्ही हातांनी धाकट्याला छातीवर धक्का दिला.

धाकटा मागच्या घोड्यावर पाठमोरा गेला. पडताना त्यानं आधारासाठी हात मागं टाकला, तो उभ्या काचांमध्ये. पहिली काच वाकली, तडकली, मग तिच्यामागची सगळी रांगच खाली आली. तो आवाज वर आईनं ऐकला, समोरच्या दुकानांनी ऐकला. धाकटा मात्र ओरडला नाही. तो काचांच्या ढिगात बसला होता आणि आपल्या उजव्या हाताकडं बघत होता. मनगटापासून कोपरापर्यंत हात उघडा पडला होता आणि आत पांढरं दिसत होतं.

थोरल्यानं अंगातला शर्ट फाडून बांधला. काचांवर गुडघे टेकले तेव्हा त्याला काही जाणवलं नाही. शर्ट भिजला तसा त्यानं दोन्ही हातांनी दाबून धरला. मिशानं व्हॅन काढली, आपल्या फुटलेल्या ओठानिशी हॉर्न दाबत हॉस्पिटलपर्यंत नेली. वाटेत थोरला एकसारखा म्हणत होता, झोपू नकोस, झोपू नकोस रे. धाकट्यानं मान पलीकडं वळवली होती.

हात वाचला. दोन बोटं मात्र पुन्हा वाकणार नाहीत, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. पोलीस विचारायला आले तेव्हा वहिनीला वाटलं, घरचा माणूस आहे, काच पडली म्हणेल. धाकट्यानं सांगितलं, “दादानं मारलं. आधी पट्टीनं, मग ढकललं.” दारात उभ्या थोरल्याला पोलिसानं विचारलं, हे खरंय का? तो हो म्हणाला. त्याला घेऊन गेले.

जामिनावर सुटून घरी आला तेव्हा आई बॅग भरत होती. तो दारातच उभा राहिला.

“कुठं निघालीस?”

“धाकट्याकडं. खोली घेतलीय त्यानं. एका हातानं काय काय करील?”

त्यानं विचारलं, नोकरी गेल्यावरचे ते महिने धाकटा होता कुठं? आईनं साडीची घडी नीट केली, मग सांगितलं. नोकरी सुटल्यावर त्यानं गोळ्या खाल्ल्या होत्या. वाचला. मग हॉस्पिटलातल्या एका बाईकडं त्याला दर आठवड्याला बसवायचे, बोलण्यासाठी. कितीतरी दिवस तो तिथं नुसता बसूनच असायचा.

“काय झालं ते त्याला सांगताच यायचं नाही,” आई म्हणाली. “घरात त्या माराला शब्दच नव्हता ना. अण्णा त्याला वळण म्हणायचे, तू शिस्त म्हणायचास, आणि मी काहीच म्हणायची नाही. मग त्या बाईनं दिले ते शब्द धरून तो उठला. चावायला कडक होते, पण उपाशी होता पोरगा.”

“मला का नाही सांगितलंस?”

आईनं त्याच्याकडं बघितलं. “तुझी भीती वाटते मला,” ती म्हणाली आणि बॅगेची चेन ओढली.

तो बाजूला झाला. बॅग खाली नेऊन देऊ का, असं त्यानं विचारलं. ती नको म्हणाली. बॅग वहिनीनं नेली.

मिशा कामावर परत आला नाही. थोरल्यानं त्याच्या घरी जाऊन माफी मागितली. मिशानं पाणी दिलं, माफी दिली नाही. धाकट्याकडं जायला थोरल्याला आणखी बरेच दिवस लागले. काय बोलायचं ते वाटेत दहादा जुळवलं, आणि दार उघडल्यावर त्यातलं एकही सापडलं नाही. धाकट्यानं दार अर्धंच उघडलं होतं. भुवईवर टाक्यांचा व्रण, हात गळ्यात.

“बॅटरी मी धरली होती,” थोरला म्हणाला. “धरायला नको होती.”

धाकट्यानं गळ्यातला हात सावरला. मग म्हणाला, “तूही लहान होतास. त्याचा मला राग नाही. त्या दिवशी तू लहान नव्हतास.”

“पुन्हा येऊ का?”

“मी सांगेन. नाही सांगितलं, तर येऊ नकोस.”

आत आई स्टोव्हपाशी उभी होती. ती वळली नाही. दार लागलं.

थोरला जिना उतरून व्हॅनमध्ये बसला. गाडी त्यानं गल्लीच्या तोंडाशी आडवी लावली होती. मागं एक टेंपोवाला अडकला होता, तो खाली उतरला, खिडकीपाशी आला आणि त्याला आईवरून शिवी दिली. थोरल्याची मूठ वळली. त्यानं ती मांडीखाली दाबून धरली, टेंपोवाल्याचं सगळं ऐकून घेतलं, आणि मग गाडी बाजूला घेतली.