लाडावलेला जंतू

प्रयोगशाळेत सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा तिथे सगळ्यांचा दादा होता. दादांनी सडक्या गाजरातून एक जंतू वेगळा काढला होता. असा द्वाड, की रातोरात गाजराचा लगदा करी. त्याच्यावर ओव्याचा अर्क चालेल, अशी दादांची खात्री होती. ती खरी की खोटी हे ठरण्याआधीच दादा गेले.

जंतू मात्र राहिला. वहिनी तिथेच मदतनीस होती. ज्याने भाजीची गोदामंच्या गोदामं नासवली, त्याला तिने तळहाताच्या फोडासारखं जपलं. दर महिन्याला नवी नळी, नवं मऊसूत खाद्य. माणूस गेल्यावर मागे उरलेल्याने काय धरून राहावं, हे का कुणाला ठरवता येतं?

यंदा अखेर चाचणी झाली. प्रयोगशाळेचे प्रमुख दादांचेच विद्यार्थी. वहिनी त्यांना भाऊजी म्हणे. अर्कात बुडवलेल्या गाजराच्या चकत्यांवर जंतू सोडला, आणि चकत्या करकरीत राहिल्या. भाऊजींचे डोळे भरून आले. अहवालावर पहिलं नाव दादांचं घालायचं, असं त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं. गोदामवाले तर अर्काकडे डोळे लावून बसले होते. त्या दिवशी वहिनीला कितीतरी दिवसांनी पोटभर जेवण गेलं.

दुसऱ्या दिवशी ती चाचणीच्या बशा धुवायला उभी राहिली. मागे एक बशी राहिली होती. तिच्यात नुसता जंतू सोडलेला, अर्क न लावलेला. ती सडणारच, हे सगळ्यांनी इतकं धरून चाललं होतं की आनंदाच्या भरात तिचं झाकण कुणी उघडलंच नव्हतं. वहिनीने उघडलं. ती चकतीही करकरीत होती.

अर्काने काही केलंच नव्हतं, जंतूच निकामी झाला होता. आयतं मऊ खाऊन खाऊन तो कच्ची भाजी पोखरायचं विसरला होता, आणि तेही तिच्याच मायेने. बशी धुऊन टाकली असती तर कुणाला पत्ता लागला नसता, दादांचं नाव छापून आलं असतं. पण अर्काच्या भरवशावर गोदामवाल्यांनी भाजी भरली असती, तर? तिने नळ बंद केला आणि बशी भाऊजींपुढे नेऊन ठेवली.

त्यांनी चकती उचलून बोटांनी मोडून पाहिली.

"लाडावून ठेवलं मी त्याला," वहिनी म्हणाली.

"मग आता त्याला कष्टाचं खाऊ द्या," भाऊजी म्हणाले.

जंतूला कच्च्या गाजरावर ठेवलं. बोटाला जिथे जरा मऊ लागेल तेवढंच खरवडून पुढच्या गाजरावर, तिथून त्याच्या पुढच्या. असं करता करता एका सकाळी तिने जंतू वाढवायच्या उबदार पेटीचं दार उघडलं आणि वास आला. दादांच्या शर्टाला येई तोच. घरी आले की ती त्यांना दारातूनच न्हाणीकडे पिटाळायची. वहिनी हसली, आणि हसता हसता रडली.

मग अर्काची चाचणी पुन्हा झाली. या वेळी दोन्ही बशा भाऊजींनी स्वतः उघडल्या. बिनअर्काच्या बशीत लगदा होता. अर्काच्या बशीतही लगदाच होता.

"वहिनी, अर्क टिकला नाही," ते हळूच म्हणाले.

तिने मान हलवली. दादांच्या उपायाला दादांच्याच जंतूने खाल्लं होतं. तिला फार वाईट वाटलं. शेवटी बायको होती ती.

"झाकण लावा आता. सगळीकडे वास सुटलाय."

"लावते," ती म्हणाली, आणि उघडी बशी हातात धरून तशीच उभी राहिली.