मिस्त्रींचा कान

मी एक स्क्रू ड्रायव्हर. हातभर लांब, चपट्या तोंडाचा, लाकडी मुठीचा. पण उभ्या आयुष्यात मी स्क्रू फार थोडे फिरवले. माझं काम ऐकण्याचं होतं. एका माणसाचा कान होऊन मी जगलो आणि त्याच कामात माझा घात झाला.

एका कारखान्यात पोलादाची कांब तापवून, ठोकून, तेलात बुडवून मला घडवलं. तेलात पडताना मी जो चुर्रकन ओरडलो, तेच माझं पहिलं रडणं. मग मूठ बसली आणि मी हार्डवेअरच्या दुकानात खिळ्याला लटकलो. गिऱ्हाइकं मला उचलायची, "एवढा लांब कशाला? पाठ खाजवायला?" म्हणायची आणि परत अडकवून ठेवायची.

एक दिवस काळ्या पडलेल्या नखांचा एक माणूस आला. त्याने मला फिरवून पाहिलं नाही की टोक तपासलं नाही. दुकानदाराच्या टेबलफॅनच्या पाठीला माझं टोक टेकवलं, मूठ स्वतःच्या कानाशी धरली आणि डोळे मिटले.

"पंख्याचं बुश गेलंय तुमच्या," तो म्हणाला. "आणि हा मला द्या."

ते मिस्त्री. त्यांनी माझं नाव ठेवलं लांब्या.

गॅरेज दोघांचं होतं, मिस्त्री आणि त्यांचा शाळेपासूनचा मित्र. पुढे या मित्राचं मिस्त्रींच्या धाकट्या बहिणीशी लग्न झालं आणि तो 'भावोजी' झाला. चारचौघांत मिस्त्री त्यांना "भावोजी, अहो" म्हणायचे. गाडीखाली शिरले की "अरे गाढवा, टॉर्च नीट धर!" मिस्त्रींच्या हातात पाना आणि भावोजींच्या जिभेवर साखर, असा तो संसार होता. गाडीचं काम मिस्त्रींचं. गिऱ्हाईक, स्पेअर पार्ट आणि गल्ला भावोजींचा.

मेकॅनिकचं अर्धं काम गाडीशी असतं आणि अर्धं माणसांशी. गाडी खोटं बोलत नाही, माणसं बोलतात. "मी हात नाही लावला हो, आपोआप बंद पडली!" असं म्हणणाऱ्याच्या बोटांना ताजं ऑइल लागलेलं असतं. काही जण आवाजाची नक्कल करून दाखवतात. एकदा एक जाडजूड वकील भर गॅरेजमध्ये "खर्रर्र-टक, खर्रर्र-टक" करत चालून दाखवत होते. मिस्त्रींनी न हसता विचारलं, "डावीकडे वळताना करा बरं." वकील डावीकडे वळले आणि दुप्पट जोरात खर्रर्र केलं. तेवढ्यावर मिस्त्रींनी चाकाजवळचा जॉइंट ओळखला.

त्यांच्या युक्त्या मला तोंडपाठ आहेत. गंजलेला बोल्ट सुटत नसेल तर तो आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. तरीही अडून बसला तर तापवायचा आणि गरम असतानाच कडेला मेणबत्तीचं मेण लावायचं. मेण आपणहून आट्यांमध्ये झिरपतं. हात पोचत नाही अशा जागी नट बसवायचा असेल तर पान्याच्या तोंडात ग्रीसचा थेंब घालायचा, नट चिकटून राहतो. इंजिन उघडलं की त्याचं चित्र पुठ्ठ्यावर काढायचं आणि ज्या जागेचा बोल्ट त्याच जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवायचा. एवढं करूनही दहा नंबरचा पाना रोज हरवायचा. त्यावर आजवर कुणालाही युक्ती सापडलेली नाही.

आणि शेवटची युक्ती म्हणजे मी. चालू इंजिनाच्या अंगाला माझं टोक लावलं की आतला आवाज माझ्या पोलादातून मुठीत येतो आणि मुठीतून कानात. वॉल्व्ह टकटकतो, पंप कण्हतो, खराब बेअरिंग घशात कफ अडकल्यासारखं घुरघुरतं. मिस्त्री डोळे मिटायचे आणि मी त्यांना सगळं सांगायचो.

मग हळूहळू माझं सांगणं त्यांच्यापर्यंत पोचेनासं झालं. मी तेवढ्याच जोरात बोलत होतो, पण ते मला पुन्हा पुन्हा टेकवायचे, दुसऱ्या कानाला लावायचे. हातोड्याचे दणके, हवेच्या गनची किरकिर, वर्षानुवर्षं तेच. उजवा कान जवळजवळ गेलाच होता. डावाही कुरकुरत होता.

त्यांनी हे बायकोलासुद्धा सांगितलं नाही. सांगितलं फक्त भावोजींना, जेवणाच्या सुट्टीत, आडव्या ठेवलेल्या टायरवर बसून.

"उजव्या कानाने येत नाही रे आता. गिऱ्हाईक काय म्हणतं ते निम्मं कळतं, निम्मं मी जुळवतो."

भावोजींनी डबा बाजूला ठेवला. "कुणाला बोललास?"

"कुणाला नाही."

"बोलूही नकोस. लोक काय, कावळे आहेत. मी आहे ना! गिऱ्हाईक आलं की तुझ्या डाव्या बाजूला मी उभा राहीन. काही निसटलं तर कोपराला हात लावीन."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. मला तेव्हा भावोजींबद्दल केवढं प्रेम वाटलं होतं, आज सांगायला लाज वाटते.

मिस्त्रींनी माझ्याशीही नवी जुळवणी केली. कान ऐकत नाही, पण हाड ऐकतं हे त्यांना एकदा अचानक उमगलं. माझी मूठ ते कानामागच्या हाडाला दाबून धरू लागले, कधी दातांत चावून. पुन्हा आमचं बोलणं सुरू झालं. माझ्या मुठीवर त्यांच्या दातांचे व्रण पडले. मला ते दागिन्यासारखे वाटायचे.

बेकरीवाल्याची पावाची व्हॅन आमच्याकडेच यायची. तिचं पुढचं चाक घुरघुरत होतं. मिस्त्रींनी निदान केलं, बेअरिंग बदलायला हवं. भावोजींनी नवं खोकं आणून दिलं. आत तेलकट कागदात गुंडाळलेलं बेअरिंग, वर ग्रीस. मिस्त्रींनी ते बसवलं. खोकं भावोजींच्या हातून आलं होतं. भावाच्या हातचं पाणी कुणी गाळून पितं का?

बसवल्यावर चाक फिरवून ऐकायचं, हा त्यांचा नेम. पण त्या दिवशी त्यांना सणसणीत सर्दी होती, डोकं नुसतं भणभणत होतं. "आज मला हाडातूनही घूं शिवाय काही कळत नाहीये," ते म्हणाले. "तू ऐक रे जरा."

भावोजींनी मला घेतलं. मिस्त्रींनी चाक फिरवलं. माझं टोक लोखंडाला टेकलं आणि मी दचकलो. ते बेअरिंग नवं नव्हतं. घुरघुर बारीक होती, पण होती. मी ती जशीच्या तशी मुठीतून वर पोचवली. भावोजींच्या भुवया हलल्या. त्यांनी ऐकलं. मी शपथेवर सांगतो, त्यांनी ऐकलं.

मग त्यांनी मला खाली घेतलं आणि मिस्त्रींच्या डाव्या कानाजवळ जाऊन म्हणाले, "लोण्यासारखं चाललंय! बेकरीवाला खोळंबलाय, दे गाडी."

इथून पुढे मला त्या माणसाला अहो-जाहो करवत नाही. समजून घ्या.

काही आठवड्यांनी व्हॅनचं ते चाक भर उतारावर जाम झालं. गाडी कठड्यावर आदळली. बेकरीवाल्याचा जीव वाचला, पण हात दोन ठिकाणी मोडला. हात गळ्यात बांधून तो गॅरेजमध्ये आला, बरोबर त्याचा भाऊ आणि चार शेजारी.

"मिस्त्री," तो म्हणाला, "मी तुमच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवला होता."

मिस्त्री काही बोलणार, तोच भावोजी पुढे झाला. त्याने मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, गळा दाटून आल्यासारखं म्हणाला, "चूक माझी आहे. मी झाकून ठेवलं. आमच्या मिस्त्रींना ऐकूच येत नाही हो! बेअरिंगचा आवाज त्यांना कळणार कसा? नात्यातला माणूस, म्हणून मी सांभाळून घेत होतो."

मिस्त्रींनी ऐकलं होतं. तो डाव्या बाजूला उभा होता. ठरल्याप्रमाणे.

शेजारी एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी पुटपुटलं, "तरीच! परवा मी हाक मारली तर वळलेसुद्धा नाहीत." तेवढ्यावरून जो तो काही ना काही आठवायला लागला. वर्षानुवर्षांची कामं एका क्षणात संशयात गेली.

मंडळी गेल्यावर मिस्त्रींनी त्यांनी पुढ्यात आणून टाकलेलं, व्हॅनमधून काढलेलं ते फुटकं बेअरिंग पुसून उजेडात धरलं. नंबर घासून पुसट केलेला, छर्रे फिरतात ती आतली वाट झिजून खडबडीत झालेली.

"हे जुनं आहे. धुऊन, ग्रीस लावून नव्या खोक्यात घातलेलं. तू ऐकलं होतंस त्या दिवशी. ऐकलं होतंस ना?"

भावोजी हसला. सकाळी कसलंसं खोकं फोडायला त्याने मला घेतलं होतं, तेव्हापासून मी त्याच्याच मागच्या खिशात होतो. त्याचं हसणं मला हाडापर्यंत जाणवलं.

"जा, सांग सगळ्यांना. ज्याला ऐकू येत नाही, त्याचं कोण ऐकणार? आणि सांगितलंस, तर तुझी बहीण कुठे जाणार तेही ठरवून ठेव."

मिस्त्री खाली बसले. मग उठले, आपली पेटी भरू लागले. पाने, पक्कड, हातोडी, एकेक पुसून आत. त्यांची नजर भावोजीच्या खिशातून डोकावणाऱ्या माझ्या मुठीवर आली, थांबली. मला वाटलं, आता मागतील. त्यांनी पेटीचं झाकण लावलं आणि निघून गेले.

त्यांना वाईट वाटलं असेल. पण ज्याच्या दातांचे व्रण मी अंगावर वागवत होतो, त्याने मला शत्रूच्या खिशात ठेवलं, ही गोष्ट मी विसरू शकलो नाही.

नंतरचे दिवस काय सांगू! भावोजीने माझी छिन्नी केली. डोक्यावर हातोडीचे घाव घातले. टोकाचा एक कोपरा तुटला, मूठ उभी चिरली. कुलूप हरवलं तेव्हा त्याने मला मागच्या खोलीच्या दाराला कडीत अडकवून टाकलं. ऐकणारा मी आता दाराचा अडसर झालो.

एका दुपारी मिस्त्रींची बहीण नवऱ्याचा डबा घेऊन आली. तो बाहेर गेला होता. डबा सावलीत ठेवावा म्हणून तिने मला कडीतून ओढलं आणि दार उघडलं. आत रॉकेलच्या पसरट भांड्यात जुनी बेअरिंगं भिजत होती, बाजूला फडक्यावर काही चकचकीत होऊन वाळत होती. त्यांच्याशेजारी कोरी रिकामी खोकी.

मेकॅनिकचीच बहीण ती. तिला समजावून सांगायची गरज नव्हती. तिने एक खोकं आणि एक बेअरिंग पिशवीत टाकलं आणि चालू लागली. मी तिच्या दुसऱ्या हातात तसाच होतो. तिला त्याचं भानही नव्हतं.

मिस्त्रींनी लाकडाच्या वखारीमागे एक शेड घेतली होती. करवतीच्या आवाजामुळे ती जागा कुणी घेत नव्हतं. मिस्त्रींना त्याचं काय! डाव्या कानात आता यंत्र होतं. काम करताना ते बंद करून ठेवायचे. बहिणीला पाहून त्यांनी ते चालू केलं.

तिने बेअरिंग त्यांच्यापुढे ठेवलं. "दादा, तुला हे माहीत होतं?"

मिस्त्रींनी ते न उचलता फडक्याने झाकलं.

"माहीत होतं. आणि तू मला बोलला नाहीस."

"तुझं घर मोडलं असतं, बाई."

"घर माझं होतं ना? मग मोडायचं की ठेवायचं, हे तू कोण ठरवणार? ह्यांनी खोटं बोलून फसवलं, तू गप्प बसून फसवलंस. सगळं गाव म्हणत होतं, तुझ्यामुळे बेकरीवाल्याचा हात मोडला. मीसुद्धा म्हणत होते, दादा. तू मला म्हणू दिलंस!"

एवढं बोलून ती रडायला लागली. मिस्त्रींनी हात पुढे केला, मग तो काळा आहे हे पाहून मागे घेतला. तिनेच तो ओढून धरला.

"चल," ती म्हणाली. "आत्ता बेकरीवाल्याकडे. तू ह्यातलं एक अक्षर खाल्लंस तर मी बोलेन."

हात धुताना मिस्त्रींना मी दिसलो. त्यांनी मला उचललं. चिरलेल्या मुठीवरून, तुटक्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. शेडमध्ये एक टेम्पो चालू होता. त्यांनी माझं टोक इंजिनाला लावलं आणि मूठ कानामागे दाबली. मी जीव तोडून बोललो. पण चिरेतून माझा आवाज फाटत होता. स्वतःचीच खडखड मला ऐकू येत होती.

त्यांनी मला खाली घेतलं. टेबलावर डॉक्टरांकडे असते तशी नळी होती, टोकाला सळई लावलेली. इंजिन ऐकायचं असलं की ते कानातलं यंत्र चालू करून आता ती लावतात. मला त्यांनी ग्रीसच्या डब्याशेजारी ठेवलं. "राहू दे इथे. झाकणं उघडायला होईल."

दोघं गेली. बेकरीवाल्याने काय ऐकलं, काय विचारलं, मला ठाऊक नाही. त्याची व्हॅन मात्र आता याच शेडमध्ये येते. बाकीचे फारसे आले नाहीत. मिस्त्री बहिरे आहेत ही बातमी घरोघर पोचली होती. ते खरे होते ही बातमी कुणी पोचवली नाही. बहीण नवऱ्याच्याच घरी राहते, पण गॅरेजच्या मागच्या खोलीची किल्ली तिच्या कमरेला असते आणि प्रत्येक खोकं ती स्वतः उघडते. भावोजीशी ती कामापुरतं बोलते. मिस्त्रींशीही अजून पहिल्यासारखं बोलत नाही.

मी झाकणं उघडतो. माझ्या अंगाला ग्रीसचा वास येतो, आणि मिस्त्री जाता-येता मला नीट सरळ करून ठेवतात. त्यांना काही आठवत असेल का, मी विचारू शकत नाही.

तुम्हाला एवढंच सांगायचं आहे. कुणी टायरवर तुमच्याशेजारी बसून आपलं दुबळं अंग तुम्हाला उघडं करून दाखवलं, तर त्यावर पांघरूण घाला. जमणार नसेल तर तिथल्या तिथे सांगा की माझ्याने होणार नाही. आणि माझ्यासारखं जुनं हत्यार कुठे पडलेलं दिसलं, तर त्याला मुकं समजू नका. मला त्या दिवशी ऐकू आलं होतं. ज्याच्या कानाला मला लावलं, त्याला मी खरं तेच सांगितलं होतं.