माझ्या छपराला बिजागरी बसली

औशात शिवकांताबाईंच्या परसात, मोरीवरच्या भिंतीला एक कळकटलेला लाकडी खोका टांगलाय. मित्रांनो, तो मीच. चिमण्यांचं घर. दिसायला यथातथाच, पण माझ्यावाचून या परसाचं पान हलत नाही, बरं का!

दाराच्या उरलेल्या फळ्यांतून माझा जन्म झाला. बाईंचे मालक सिद्धराम यांनी मला चहूबाजूंनी खिळे ठोकले. छप्परसुद्धा उघडायची सोय ठेवली नाही. "वादळ आलं तरी हालायचा न्हाई," म्हणाले. लगेच चिमणाचिमणी राहायला आली. गवत, सुतळी, कोंबडीची पिसं, काय काय आणलं! बाईंनी वाळत घातलेल्या गोधडीचा दोराही ओढून नेला. बाई नुसत्या हसल्या. "न्या गं बायांनो, लेकराला मऊ लागंल." केवढं सुख वाटायचं मला!

दरसाल नवरात्राआधी बाई दसरा काढायच्या. गोधड्या, डबे, पातेली, सगळं घर अंगणात येऊन धुतलं जायचं. मी तेवढा राहायचो. सून तनुजा विचारायची, "आत्याबाई, त्या खोक्यातला कचरा काढू का?"

"कुणाचा संसार मोडू न्हाई गं, पाप लागतं!" बाई तिच्या अंगावर यायच्या. माझी बाजू घेतात म्हणून मी फुगायचो. खुळाच मी.

जुन्या घरट्यावर नवं, त्यावर आणखी नवं. माझं पोट दारापर्यंत भरलं. आत बारीक किडे झाले. गेल्या उन्हाळ्यात पंख न फुटलेलं एक पिल्लू दाराशी जरा हललं आणि खाली फरशीवर पडलं. बाईंनी ते पदरात घेतलं. त्याच्या अंगावर किडे वळवळत होते. संध्याकाळी ते पदरातच गेलं. मला हात असते तर धरलं असतं हो त्याला!

मग चिमण्या आल्याच नाहीत. बाई ज्वारीचे दाणे टाकून वर बघत राहायच्या.

पुन्हा दसरा काढायची वेळ आली. डबे घासता घासता बाई थांबल्या. "तनुजा, दरसाल आपुन घर उलथंपालथं करताव. आपला संसार मोडतो का गं?"

"न्हाई आत्याबाई, उलट घर हलकं वाटतं."

"मंग त्या चिमण्यांनाच का घाणीत ठिवले मी?" बाईंनी हातातला डबा खाली ठेवला.

सिद्धराम हातोडी घेऊन आले. "येड्यावानी मीच ठोकून ठिवलो," म्हणाले. आत अंडं-पिल्लू नाही, हे तनुजानं आधी फटीतून पाहून घेतलं. मग छप्पर निघालं, त्याला बिजागरी बसली. जुनं घरटं काढलं, कढत पाण्यानं मला घासलं, कडक उन्हात वाळवलं. साबण नाही, रंग नाही. मित्रांनो, पिल्लं उडून गेली, की तुमच्याकडच्या माझ्या भावंडांचंही एवढं करा. ती बिचारी तोंडानं मागत नाहीत.

रिकामा झालो आणि धास्तावलो. कुणी आलंच नाही तर? थंडी सरली, फाल्गुन लागला आणि एक चिमणी चोचीत काडी घेऊन आली! बाईंनी मोरीत भांडी आपटायची बंद केली.

एका सकाळी पिल्लू दाराशी आलं. बाई धावत येऊन खाली पदर पसरून उभ्या राहिल्या. पिल्लानं खाली पाहिलं, पंख झाडले आणि थेट शेवग्यावर जाऊन बसलं.

"उडालं गं तनुजा, उडालं!" बाई रिकामा पदर धरून हसत होत्या, आणि डोळ्यांचं पाणी काही खळत नव्हतं.