दारातून पहिलं कोण

सुताराने फाटकाची कडी हळूच सरकवली आणि आपल्याच घराच्या दाराकडे चोरासारखा बघत उभा राहिला. आतून लाकडावर शिंगं घासल्याचा आवाज आला. बोकड! सुताराच्या जिवात जीव आला. दार किलकिलं झालं की हा गडी सगळ्यांना ढकलून आधी बाहेर पडतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर सुतार पहाटे दवाखान्याच्या जिन्यात गुडघे टेकून नवस बोलला होता : 'देवा, आई आणि बाळ सुखरूप सोडव. घरी गेल्यावर दारातून जे पहिलं माझ्यासमोर येईल, ते तुझं.'

दार उघडलं. बोकडाला गुडघ्याने मागे रेटत सासूबाई बाहेर आल्या.

"बोला की! मूग गिळलेत का?"

"मुलगी झाली. दोघीही ठणठणीत आहेत."

सासूबाईंनी पिठाचे हात आभाळाकडे उचलले आणि पायरीवरच एक गिरकी घेतली. जावई मात्र जागचा हलला नाही.

"आई, जरा आत जाता का? आणि परत या. म्हणजे... आधी त्याला येऊ द्या."

"कुणाला?"

"बोकडाला."

सासूबाईंनी त्याला नीट न्याहाळलं. नवरा गेल्यावर त्या चार दिवसांसाठी म्हणून लेकीकडे आल्या होत्या आणि राहिल्या होत्या. अजूनही खुर्चीच्या कडेवरच बसत, कुणी उठा म्हणालं तर उठायला बरं. पण त्यांना गुंडाळणं काही सोपं नव्हतं.

"मला आत लोटून बोकडाला मान देताय, म्हणजे कारण तसंच असणार. सांगा."

त्याने सांगितलं. सांगताना नजर बुटांवरून वर आली नाही. सासूबाईंनी हातावरचं पीठ झटकलं.

"चला."

"कुठे?"

"पाळकांकडे. तुम्ही बोललात देवाशी, आता तुम्ही-आम्ही इथे वाद घालून काय उपयोग?"

ख्रिस्ती देवळाचे पाळक आपले उपदेश गाऊन करत. त्यांच्या चाली ऐकायला लोक लांबून येत. घरात बोलतानाही त्यांच्या आवाजाला सूर असायचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत हसले.

"अरे बाबा, बायबलातल्या इफ्ताहाची गोष्ट मी किती वेळा गायलो! त्यानेही हाच नवस केला, आणि दारातून नाचत आली कोण, तर त्याची एकुलती एक पोर. तेव्हा तू काय करत होतास?"

"घोरत होते," सासूबाई म्हणाल्या.

"बरं, घाबरू नकोस. मोशेच्या नियमशास्त्रात वाट आहे. माणूस देवाला वाहिलं, तर त्याचं मोल भरून सोडवता येतं. साठीपुढच्या पुरुषाचे चांदीचे पंधरा शेकेल, बाईचे दहा."

"दहा?" सासूबाई ताठ झाल्या. "तिथेही आमचे पाच कमीच का?"

"बाई, मी फक्त गातो. भाव मी नाही ठरवले."

"मी पंधरा भरतो," सुतार घाईघाईने म्हणाला. "वीस घ्या. पण आई घरी हव्यात."

सासूबाई जावयाकडे बघत राहिल्या. मग सावकाश मागे सरकल्या आणि त्यांनी खुर्चीला पाठ टेकली.

"आणि मला कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या. "जन्मभर उरल्यासुरल्या जागी बसले मी. आज एवढ्या दांडग्या बोकडाला मागे ठेवून देवाने मला पुढे काढलं, आणि तुम्ही लगेच सोडवायला निघालात! मला नाही सुटायचं."

पाळकांचं हसू मावळलं नाही, पण मऊ झालं. देवळामागची खोली रिकामीच होती, ते म्हणाले, आणि ध्रुवपद धरायला त्यांना माणूस हवं होतं. "आता माझा दम पुरत नाही, बाई. मागच्या बाकावरून तुमचा आवाज येतो, तेवढ्यावर मी तरतो. मात्र नातीचं दूध सुटेपर्यंत घरीच राहा. हन्नेनेही देवाला वाहिलेल्या आपल्या शमुवेलाला तोवर घरी ठेवलं होतं."

बायकोने हे ऐकलं तेव्हा बाळाला थोपटता थोपटता तिचा हात थांबला.

"बातमी द्यायला पाठवलं, तर माझ्या आईलाच देऊन आलात?"

पण आई दिवसभर चाली घोळवत होती, आणि तिला चुलीपाशी असं गाताना लेकीने कधी ऐकलं नव्हतं. तिचा हात पुन्हा बाळाला थोपटू लागला.

खोटं बोलू लागला तो सुतार. दर रविवारी पाळक विचारत, "सुटलं का दूध?" आणि तो म्हणे, "अजून कुठे!" लेक त्याच्या कडेवर बसून पावाचा तुकडा चघळत असे. एकदा तर तिने तो तुकडा पाळकांनाच देऊ केला. मग मात्र त्याचा इलाज चालला नाही.

त्या रविवारी देऊळ गच्च भरलं होतं. पाळकांनी कडवं संपवलं आणि हात पुढे केला. सुतार सासूबाईंचा हात धरून बाकांमधून चालत पुढे आला. ठेवणीतल्या कपड्यांत त्या नवरीसारख्या लाजत होत्या. वेदीपाशी दोघं थांबली. आता हात सोडायचा होता. सुताराची मूठ काही उघडेना. पाळक थांबले, मंडळी थांबली, मागे कुणीतरी खोकलं.

"सोडा की, जावईबापू," सासूबाई पुटपुटल्या.

"घरापासून दोन गल्ल्या तर पलीकडे आहे," तो स्वतःलाच सांगावं तसं म्हणाला. मूठ तशीच.

त्या त्याच्या कानाशी झुकल्या.

"याच जागी मी माझी पोर तुमच्या हाती दिली होती. तेव्हा माझी बोटं कुणाला उकलावी लागली होती का?"

सुताराला एकदम हसू फुटलं, आणि त्याबरोबर डोळेही भरून आले. एकेक करून बोटं सैल झाली. शेवटचं बोट सुटायच्या आतच सासूबाईंनी ध्रुवपद उचललं होतं, पाळकांच्याही एक सूर वर.