चवीचा अर्धा तास

भादव्यात साक्रीकडच्या त्या गावाला एकच वास असतो, कपाशीवर फवारलेल्या औषधाचा. तो गड्यांच्या सदऱ्यांत असतो, निंदून आलेल्या बायकांच्या केसांत असतो, वाऱ्याबरोबर घरात येतो आणि घरातलाच होऊन राहतो. म्हणून त्या सकाळी शाळेच्या ओट्यावर तुरीची डाळ धुताना मोतीबाईच्या नाकाला तो लागला, तेव्हा तिने आधी आपलेच हात हुंगले.

"अक्का, वास येस का वं तुले?" मदतीला असलेल्या सुंदरबाईने विचारलं.

"भादवा शे बाई. बठ्ठं गावच वास मारस."

नऊ वर्षं मोतीबाई शाळेत पोषण आहार शिजवत होती. चूल पेटली की तिच्या तोंडी आपसूक ओवी यायची, तशी आजही आली:

मन्हा अंगने बठनात चाळीस राघूमैना
येक येक चोचले घास, कोनी उपाशी जाये ना

स्वयंपाकखोलीच्या भिंतीवर नियम रंगवलेला होता. मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी स्वयंपाकी, शिक्षक आणि एक पालक यांनी अन्नाची चव घ्यावी, वहीत सही करावी. एरवी मोतीबाई पहिला घास घ्यायची. पण आज हरतालिका. तिला निर्जळी उपास, सुंदरबाईला उपास, शाळेच्या शिक्षिका हेमलता मॅडमनाही उपास. मुख्याध्यापक पंडित सर केंद्रशाळेत बैठकीला गेलेले. तेव्हा मॅडमनी सकाळीच वही आणून तिघींच्या सह्या उरकल्या होत्या. सुंदरबाईची सही पालक म्हणून. शेरा लिहिला, चव उत्तम.

"कोनी चाखी वं मॅडम?" सुंदरबाईने विचारलं होतं.

"महादेवाने," मॅडम म्हणाल्या, आणि तिघी हसल्या होत्या.

डाळीला उकळी फुटली आणि वाफेबरोबर वास वर आला. हातांचा नव्हता तो. मोतीबाईची ओवी थांबली. ती मोरीपाशी गेली. डाळीचं धुवण जिथे ओतलं होतं, तिथून रोज मुंग्यांची रांग जायची. पाणी केव्हाच आटलं होतं, पण रांग काही पुन्हा चालू झाली नव्हती.

"सुंदर, हाई डाळ कोठून आनी तू?"

"शेजारना भूषणभाऊनी पडवीमातून. आपली कोठी गळस ना, सरनी आठ दिन व्हयनात गोण्या तठे ठेवी दिध्यात."

"आनि भूषण त्यानं फवारानं औषध कोठे ठेवस?"

सुंदरबाईने हातातला डाव हळूच खाली ठेवला.

मैदानावर कवायत संपून खो-खो सुरू झाला होता. मोतीबाईने मॅडमना बाजूला घेतलं.

"मॅडम, डाळ आज वाढू नका. मले भरवसा नही."

"अहो, वास तर माझ्या ओढणीलाही येतोय," मॅडम म्हणाल्या. "मुलं खेळून दमलीत. निम्म्यांच्या पोटात सकाळपासून काही नाही, तुम्हालाच ठाऊक. नुसत्या वासावरून चाळीस पोरांचं जेवण ओतून द्यायचं?"

"मंग तुम्ही चाखा."

मॅडमनी मान खाली घातली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. "माझी पहिलीच हरतालिका आहे हो, मोतीबाई."

मोतीबाईची तेविसावी होती. एकदाही मोडली नव्हती, बाळंतपणातसुद्धा नाही. आणि गेल्याच महिन्यात तिचा नवरा ईश्वर छातीत कळ येऊन धुळ्याच्या दवाखान्यात आठ दिवस पडला होता. आज पाण्याचा थेंबही पोटात गेला तर त्याच्या आयुष्याची दोरी आपल्याच हाताने कापली, असं तिला वाटणार होतं. ती उंबऱ्यात उभी राहिली. मैदानातून पोरांचा कल्ला येत होता.

मग तिने वाटी घेतली. भात घेतला, वर डाळ घेतली.

"अक्का, नुसतं बोट लावी पाह्य," सुंदरबाई म्हणाली.

"पोरगं बोटभर नही खात," मोतीबाई म्हणाली, आणि मनात नवऱ्याची क्षमा मागून अख्खी वाटी संपवली. डाळ जरा कडसर लागली. पण उपाशी तोंडाला सगळंच कडू लागतं.

भिंतीवरचं घड्याळ बारा वाजून पाच मिनिटं दाखवत होतं.

पोरं हातपाय धुऊन आली. रांगा धरून बसली, ताटल्या वाजवू लागली. पहिलीतली डिंपल पुढे आली. "मोतीमाय, वाढ ना वं."

"थांब मन्ही माय. जरासं थांब."

सव्वाबारा झाले. काही नाही. बारा वीस झाले. ताटल्यांचा आवाज वाढत चालला होता.

"बरं वाटतंय ना?" मॅडम म्हणाल्या. "वाढा मग. पोरं रडायला लागलीत."

"अर्धा तास लिखेल शे भिंतवर. मोठा काटा सातवर येऊ द्या."

बोलताना तिच्या तोंडात लाळ जमली. तिने गिळली. लगेच पुन्हा जमली, जास्त. भुकेने असेल, तिने स्वतःला सांगितलं. पण कपाळावरून घामाची धार गळ्यात उतरली होती, आणि मैदानातलं भर दुपारचं ऊन मळकट, संध्याकाळसारखं दिसू लागलं होतं. गेल्या साली फवारणीवरचा गडी विक्रम बांधावर असाच बसला होता. हनुवटीपासून छातीपर्यंत लाळेची तार, आणि विचारत होता, इतका लवकर अंधार कसा पडला?

मोतीबाई उठली. "पोरेसले मांघे ले," ती सुंदरबाईवर ओरडली. दोन्ही हातांत फडकी धरून तिने पातेलं चुलीवरच लवंडलं. जाळ चरचरला, राख उसळली, खोली पांढऱ्या धुराने भरली.

बाहेर ताटल्यांचा आवाज थांबला.

मॅडम फोनवर किंचाळत होत्या. साक्रीहून गाडी निघाली, कोणीतरी सांगत होतं. चुलीतून पिवळा ओघळ उंबऱ्यापर्यंत आला. डिंपल त्याच्याकडे पाहून हुंदके देऊ लागली. "मन्हं जेवन सांडी दिधं."

मोतीबाईला तिला सांगायचं होतं, आज इथलं काही खायचं नाही, पण तोंड पाण्याने भरलं होतं आणि शब्द त्यात बुडत होते. ती भिंत धरत रांगेपर्यंत आली. खाली बसली. डिंपलची ताटली तिने ओढून घेतली आणि जमिनीवर पालथी घातली. मग शेजारच्या मुलाची. मग त्याच्या पुढच्याची. पोरं भुकेल्या डोळ्यांनी बघत होती. तिला आता ताटल्या दिसत नव्हत्या, ती नुसती हाताने चाचपत पुढे सरकत होती.