भैय्याजींनी घासलेलं ताट

लग्नाला तीस वर्षं होत आली तरी ज्या माणसानं पाण्याचा तांब्या कधी आपल्या हातानं भरला नव्हता, ते पारशिवनीचे भैय्याजी एके दुपारी जेवून उठले आणि आपलं ताट घेऊन मोरीत घासायला बसले. पत्नी तुळसाबाई बघतच राहिल्या. पुढं ताट-तांब्या वेगळा झाला, मग अंथरूणही गोठ्याशेजारच्या खोलीत गेलं.

"तुले जरा आराम म्हणून करून राहिलो," भैय्याजी म्हणाले. ही माया इतकी वर्षं कुठं दडी मारून बसली होती, ते तुळसाबाईंनी विचारलं नाही.

खरी गोष्ट अशी की भैय्याजींच्या बसायच्या जागी एक तांबूस चट्टा होता. लहानपणी ते बाभळीच्या काट्यावर बसले होते, तेव्हापासूनचा. दुखत नव्हता, खाजत नव्हता. एका बाजूनं सुकायचा, दुसऱ्या बाजूनं सरकायचा, असं करत करत आता तळहाताएवढा झाला होता, आणि अलीकडे थोडा झिरपायलाही लागला होता. न दुखणारा चट्टा म्हणजे महारोग, हे गावात कुणीही सांगितलं असतं, म्हणून भैय्याजींनी कुणालाच विचारलं नव्हतं. पंगतीतून उठवलेली माणसं त्यांनी पाहिली होती. आपलं काय व्हायचं ते होवो, तुळसाला हे लागू नये, एवढीच त्यांची धडपड होती.

कोपरावरचा नायटा मात्र ते उघड मिरवत. तुळसाबाईंनी त्या नायट्याचाच असा काही धोशा लावला, की शेवटी दोघं एसटीनं नागपूरला आले आणि धंतोलीत कातडीच्या डॉक्टरीणबाईंपुढं, पुष्पलताबाईंपुढं, जाऊन बसले.

बाईंनी नायट्याला मलम लिहून दिलं. "काका, आणखी कुठं काही?"

"काही नाही."

"बसायच्या जागी आहे, बाई," तुळसाबाई शांतपणे म्हणाल्या. "यायले पालथं झोपवा."

भैय्याजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. तिथून काही मदत येण्यासारखी नव्हती.

पडद्याआड ते उशीत तोंड खुपसून पडले. चट्टा बधिर आहे का ते पाहायचं होतं; कापूस लागला की सांगा, असं बाई म्हणाल्या.

"लागला," भैय्याजी घाईनं म्हणाले.

"काका, अजून मी कापूस हातात घेतला नाही."

मग मात्र त्यांनी इमानदारीनं सांगितलं. चट्ट्यावर कापूस समजत होता, गरम-थंड नळ्याही समजत होत्या. महारोगात जाड होते ती कोपरामागची नस बाईंनी चाचपली, ती जाड नव्हती. नंतर त्यांनी चट्ट्यावर एक काच दाबून धरली. लाली मागं हटली आणि खाली बारीक, पिवळट-तपकिरी दाणे दिसायला लागले.

"या, बघा," त्यांनी तुळसाबाईंना बोलावलं. "आमच्या पुस्तकात याला सफरचंदाच्या जेलीचा रंग म्हणतात."

"थे आमी कुठं पाह्यली, बाई? हा गुळाचा पाक आहे," तुळसाबाई वाकून म्हणाल्या. आपल्या त्या भागाबद्दल दोन बायकांत असा विचारविनिमय चाललेला ऐकून भैय्याजी उशीत आणखी खोल गेले.

"महारोग दिसत नाही," बाई म्हणाल्या. "कातडीचा क्षय वाटतो. छातीचा फोटो काढू, आणि एक लहान तुकडा काढून तपासू. त्याशिवाय मी पक्कं म्हणणार नाही."

पुढच्या खेपेला पक्कं झालं. छाती साफ होती, रोग कातडीपुरताच होता. औषध वर्ष-दीड वर्ष घ्यायचं, मध्येच सोडायचं नाही, मग बरा होतो, असं बाईंनी सांगितलं.

"यायचं ताट वेगळं ठेवा लागते का?" तुळसाबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही."

भैय्याजी चमकले. ताट कशासाठी वेगळं झालं, तेही हिला ठाऊक होतं. एसटी स्टँडवर येताच त्यांनी बायकोला विचारलं.

"तुले कसं समजलं वं?"

"धोतर कोन धुते?"

ताट घासायचं सुचलेल्या माणसाला धोतराला लागलेले डाग सुचले नव्हते. भैय्याजी ओशाळले.

"तुलेबी महारोगच वाटला?"

"वाटला."

"मंग बोलली काहून नाही?"

"तुमी दोन हात दूर बसत होते, मी कोनाले बोलू?" त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "आन तुमाले ताट घासता कुठं येते? डाळ तशीच चिकटून राहे. त्याच ताटात वाढून घेत होती मी, रोज. म्हटलं, होईन तं दोघाले होईन."

भैय्याजींना भर स्टँडवर रडू आलं. तुळसाबाईंनी त्यांना गाडीत खिडकीपाशी बसवलं आणि आपण शेजारी, अंग लावून बसल्या.

घरी पोचल्यावर भैय्याजी जेवले आणि ताट तिथंच ठेवून उठले. तुळसाबाईंनी त्यातच वाढून घेतलं. भैय्याजी मोरीकडं गेले आणि तांब्या भरून घेऊन आले. थोडं पाणी वाटेत सांडलं. उरलेलं त्यांनी तुळसाबाईंच्या ताटाशेजारी ठेवलं.